आखाजीआधीचा पैसा

आमच्या घरात सरकारी मदतीचा विषय निघाला की माझे आजोबा, आबा, एकच विचारायचे, "आखाजीच्या आंधी येईन, का पोळ्याच्या मंग?" किती मिळणार, कोणाला मिळणार, कागद कोणते लागणार, हे प्रश्न त्यांच्या लेखी नंतरचे. बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, शहापूर ते इच्छापूर या पट्ट्यात, शेतीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. सालदाराचं साल तेव्हा ठरतं, बियाण्याची जुळवाजुळव तेव्हा होते, नांगरलेली जमीन उन्हात तापत पडलेली असते. पोळ्यापर्यंत पिकाचं काय व्हायचं ते अर्धंअधिक ठरून गेलेलं असतं. आधी आलेला रुपया रानात जातो, नंतर आलेला सावकाराच्या वहीत, असा आबांचा हिशेब होता.

लहानपणी मला हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटायचा. पुढे बऱ्हाणपूरचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की सरकारने शेतकऱ्याला काहीतरी देण्याचा या गावचा इतिहास जवळपास चारशे वर्षांचा आहे, आणि त्यातल्या प्रत्येक वळणावर आबांचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो.

आबांनी स्वतः छप्पन्या पाहिला नव्हता. तो त्यांच्या वडिलांनी पाहिला. संवत १९५६, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००. आमचा भाग तेव्हा निमाड जिल्ह्यात, मध्य प्रांतात होता आणि जिल्ह्याचं ठाणं खंडव्याला. तीन वर्षांपूर्वी एक दुष्काळ होऊन गेलेला, घरातलं जे विकण्यासारखं होतं ते त्यात विकून झालेलं. छप्पन्यात माणसं मेली, पण त्याहून भराभर गुरं मेली. आबा सांगत, की छप्पन्याची गोष्ट लोक उपासमारीपाशी थांबवतात, खरी गोष्ट पुढच्या वर्षी सुरू होते. पुढच्या वर्षी पाऊस आला. रान भिजलं. आणि औताला बैल नव्हता.

मग तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, निघाली. इंग्रजांनी तिच्यासाठी दोन कायदे केले होते. १८८३ चा विहिरी, बांध अशा कायमच्या सुधारणांसाठी आणि १८८४ चा बी-बैलांसाठी. व्याज सावकाराच्या मानाने फारच कमी. पण घरात जमानत ठेवायला काही नसलेल्या माणसाला कर्ज कसं द्यायचं, म्हणून पाच-सात जणांचा एकत्र कागद करायचे. एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. आमच्या पणजोबांच्या कागदावर पाच अंगठे होते. कागद पटवाऱ्याकडून वर गेला, वरून खाली आला, पुन्हा वर गेला. प्रत्येक पायरीवर कोणाच्या तरी हातावर काहीतरी ठेवावं लागलं. पैसे हातात पडले तेव्हा मृग उलटून आर्द्रा लागल्या होत्या. साऱ्या मुलखाला एकाच आठवड्यात पैसे मिळाले, सारा मुलूख एकाच बाजारात बैल घ्यायला गेला, आणि जोडीच्या पैशात एकच बैल आला. शेजाऱ्यालाही एकच मिळाला होता. दोघांनी सावड केली. एक दिवस याच्या रानात, एक दिवस त्याच्या. पाच जणांतला एक जण नर्मदेकडे निघून गेला तो परतला नाही, त्याचा वाटा उरलेल्या चौघांनी फेडला. आबा हे सांगताना त्या गेलेल्या माणसाला कधी नाव ठेवत नसत.

तरी तगाईबद्दल आमच्या घरात वाईट बोललं जात नसे, हे मला सांगायला हवं. कारण तगाईचीच एक विहीरही आमच्या रानात आहे. ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी खणली, तिचे पैसे दिवाळीनंतर आले, म्हणजे खणायच्या मोसमात, आणि ती विहीर आबांच्या तरुणपणी दोन मोटा चालवत होती. एकाच कायद्याच्या घराण्यातली दोन कर्जं. एक महिनाभर उशिरा आलं, एक वेळेवर आलं.

तगाईच्याही आधीची गोष्ट सांगायची तर, बऱ्हाणपूरला येणारे पाहुणे तापीकाठचा शाही किल्ला बघतात, मुमताजचा हमाम बघतात, पलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला आधी पुरलं होतं ती जागा बघतात. ती १६३१ च्या जूनमध्ये इथे वारली. ती वारली तेव्हा या शहराभोवतीच्या गावांत काय चाललं होतं, हे कोणी विचारत नाही. शहाजहान १६३० मध्ये दख्खनच्या मोहिमेसाठी इथे येऊन राहिला आणि त्याच वर्षी गुजरात-दख्खनचा तो भयानक दुष्काळ पडला. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच साली सुरतेहून बऱ्हाणपूरच्या वाटेने आग्र्याला गेला. वाटेवरची प्रेतं आणि ओस पडलेली गावं त्याने लिहून ठेवली आहेत. शहरात बादशाही लष्कराचा तळ होता, म्हणजे एवढ्या पोटांना आधी धान्य लागणार होतं.

बादशहाने काय केलं, ते अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यात आहे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत इथे लंगर उघडले. बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटले जात. असं वीस आठवडे चाललं, म्हणजे एक लाख. आणि खालसा, म्हणजे थेट बादशहाच्या, मुलखातला सुमारे ७० लाख रुपये सारा माफ केला. खालशाच्या एकूण वसुलाचा जवळजवळ अकरावा हिस्सा.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आबा हयात नव्हते. पण त्यांनी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. लंगर हा माणूस जगवण्याचा खर्च, त्याला वेळेचा प्रश्न नाही, भुकेल्याला केव्हाही दिलं तरी पुण्यच. साऱ्याच्या माफीचं मात्र वेगळं. रान पिकलंच नव्हतं, कसणारा मेला होता किंवा मुलूख सोडून गेला होता, तेव्हा तो सारा जमा तरी कुठून होणार होता? न येणारं येणं सोडून देण्यालाही किंमत असते, मागची बाकी मानगुटीवर नसली की माणूस गावी परत यायला धजतो. पण परत आलेल्या माणसाच्या हातात बी कोण देणार, याचं उत्तर माफीत नसतं. आपल्याकडच्या प्रत्येक कर्जमाफीच्या वेळी मला हे ७० लाख आठवतात. २००८ ची केंद्राची, २०१८ च्या डिसेंबरात भोपाळला सरकार बदलल्याबरोबर सही झालेली. दोन्ही वेळी गावात आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. पण त्या जूनमध्ये बियाण्याला पैसे उसनेच आणावे लागले.

शहाजहानच्याच काळातला दुसरा माणूस मला अधिक जवळचा वाटतो. मुर्शीद कुली खान. औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला तेव्हा हा त्याचा दिवाण. दुष्काळ आणि लढाया यांनी ओसाड पडलेला मुलूख पुन्हा लागवडीला आणायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने जमीन मोजवली, पिकाच्या वाट्याचे दर बसवले, गावोगावी पाटील नेमले. आणि बी, बैल घ्यायला उचल दिली, ती पीक आल्यावर हप्त्याने फेडायची. मोजणीत फसवणूक होऊ नये म्हणून मोजणीच्या दोरीचं एक टोक तो स्वतः धरून उभा राहायचा, अशी त्याची आख्यायिका आहे. त्या दिवाणाला समजलं होतं की साऱ्याची खरी पेरणी मे महिन्यात होते. मलिक अंबरचं नाव मराठी माणूस जमाबंदीच्या संदर्भात अजून घेतो, मुर्शीद कुलीचं घेत नाही. घ्यायला हवं.

मराठेशाही, शिंद्यांचा अंमल, १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे गेलेलं शहर, हे सगळं मी भराभर ओलांडतो. आमच्या भागाचं नशीब ज्याने पालटलं ते म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध. १८६१ ते ६५ या काळात तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा खानदेश, वऱ्हाड आणि निमाडच्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आला. त्याच दशकात भुसावळहून खंडव्याकडे रेल्वे आली, बऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागला झालं, पुढे जिन निघाले, तापी मिल निघाली. आमच्या काळ्या जमिनीत काय पेरायचं, हे हजारो कोसांवर ठरायला लागलं ते तेव्हापासून.

कापसाची खरी गोष्ट मात्र माझ्या आत्याची आहे.

आत्याचं सासर अंतुर्लीकडे, तेव्हाच्या एदलाबाद तालुक्यात. आता त्याला मुक्ताईनगर म्हणतात. आमच्या गावाहून बैलगाडीने सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं इतकं जवळ. इच्छादेवीच्या यात्रेला दोन्हीकडची माणसं एकाच ओट्यावर जेवायची. भाषा तीच, सोयरीक तीच, तापीही तीच. फक्त मधून राज्याची हद्द गेलेली. ती हद्द आम्हाला कधी जाणवली नव्हती. १९७२ साली जाणवली, कारण त्या साली महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली.

योजनेमागे मोठा विचार होता, हे मी आजही मानतो. यशवंतराव मोहिते यांनी तो मांडला आणि रेटला. व्यापारी हंगामात भाव पाडतो, शेतकऱ्याला थांबायची ताकद नसते, म्हणून सगळा कापूस सरकारनेच घ्यावा, आधी जाहीर केलेल्या हमीभावाने घ्यावा, पुढे गाठी विकून नफा झाला तर तोही शेतकऱ्यालाच बोनस म्हणून द्यावा. जगात फार कमी ठिकाणी एवढी हिंमत कोणी केली असेल. आबांनी ऐकलं तेव्हा ते खूश झाले. भाव पेरणीच्या सुमाराला कळतो म्हणजे आखाजीचा प्रश्न सुटला. "जावाईबुवाईनं नशीब काढलं," म्हणाले.

पण भाव आधी कळला तरी पैसा हप्त्याहप्त्याने यायचा. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग लागायची, प्रतवारीवरून वाद व्हायचे, केंद्र बंद असलं की कापूस घरात. आत्याकडे मी दिवाळीच्या सुट्टीत जायचो तेव्हा पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असे आणि माणसं ओसरीवर झोपत. आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो, अंगाला खाज सुटायची, आत्या ओरडायची. आत्याच्या सासऱ्यांना त्या कापसाकडे बघवत नसे. थोरल्या मुलीचं लग्न त्या ढिगात अडकलेलं होतं.

एकाधिकार म्हणजे दुसऱ्या कोणाला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. ज्या वर्षी खुल्या बाजारात भाव चढा असे, त्या वर्षी रात्री गाड्या निघत. चाकांना वंगण, बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढलेल्या. नाक्याची वाट सोडून शेतांच्या बांधांवरून त्या आमच्याकडे येत. पहाटे आमच्या खळ्यात बैल सुटायचे, आजी चहा टाकायची, आणि उजाडल्यावर तोच कापूस आमचा म्हणून बऱ्हाणपूरच्या जिनात जायचा. रोख पैसे संध्याकाळी आत्याच्या घरी. १९९४-९५ च्या हंगामात बाजारभाव इतका वर गेला होता, की बैलगाड्यांच्या जागी ट्रक चालले.

उलटही होई. ज्या वर्षी जगात मंदी आणि मुंबईच्या सरकारने हमीभावावर आगाऊ बोनस चढवलेला, त्या वर्षी आमच्याकडचा कापूस तिकडे जायचा आणि आत्याच्या सासऱ्यांच्या सातबाऱ्यावर मापात पडायचा. अशा वर्षांनी योजनेला हजारो कोटींचा खड्डा पाडला. मध्य प्रदेशाच्या, आंध्राच्या, गुजरातच्या हद्दीवर सगळीकडे हेच चाललं होतं. नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला.

याला चोरी म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत झालो नाही. ज्याने कापूस पिकवला त्याचा तो कापूस. त्याची मुलगी लग्नाची आहे आणि भाव त्याच्या घरापासून चार कोसांवर आहे, तर तो गाडी जुंपणारच. पण योजना वाईट होती असंही मला म्हणवत नाही. हप्ते वेळेवर मिळाले असते, सगळा पैसा कापूस मापात पडल्याबरोबर हातात आला असता, तर किती गाड्या रात्री निघाल्या असत्या? आत्याच्या सासऱ्यांचं उत्तर होतं, एकही नाही. पुढच्या वर्षांनी कापसाच्या बाजारातून व्यापारी हटवायचा की सरकार, यावर खूप वाद घातला. पैसा पंधरा दिवसांत कसा द्यायचा, यावर त्या मानाने फारच थोडं बोललं गेलं.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत आमच्याकडे कापूस मागे पडत गेला आणि केळी वाढली. आज बऱ्हाणपूरची ओळखच केळीची. केळीला हमीभाव नाही, कधीच नव्हता. केळीच्या बागा सरकारने लावल्या असं कोणी म्हणत नाही. पण मला वाटतं, सरकारचा सगळ्यात मोठा पैसा आमच्या जिल्ह्यात केळीतच गेला आहे, फक्त तो पीक निघाल्यावर कोणाच्या खात्यात पडलेला नाही, तर लागवडीच्या वेळी खताच्या गोणीतून, विजेच्या तारेतून आणि ठिबकच्या नळीतून आला आहे.

१९७७ साली केंद्राने खत कारखान्यांना ठरावीक भरपाई देण्याची पद्धत सुरू केली. कारखान्याचा खर्च कितीही असो, शेतकऱ्याला गोणी ठरलेल्या भावात. युरियाची ४५ किलोची गोणी आजही २६६ रुपये ५० पैशांना मिळते, खरी किंमत त्याच्या कितीतरी पट. हे अनुदान शेतकऱ्याला दिसत नाही, म्हणून त्याला ते आठवतही नाही. पण ते नेमकं आखाजीआधीचं अनुदान आहे, पेरायच्या वेळी खिशाला हात लागतो तेव्हाचं. केळी हे नत्राला आणि पाण्याला हावरं पीक. मृगबाग असो की कांदेबाग, वर्षभर खत आणि वर्षभर पाणी. नत्र स्वस्त झालं. मग दिग्विजय सिंहांच्या काळात पाच अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज माफ झाली, तेव्हा पाणी उपसणंही फुकट झालं. वीज केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने प्रत्येक पंपाला ऑटो लावलेला. रात्री दोनला वीज आली की पंप आपोआप सुरू, सकाळी शेतकरी जाऊन बघेपर्यंत सरीतून पाणी ओसंडून रस्त्यावर. पुढे ठिबकवर अनुदान आलं, लहान शेतकऱ्याला ५५ टक्के, इतरांना ४५. जळगावच्या जैन कंपनीची ऊतिसंवर्धित रोपं आली, बसराई गेली आणि ग्रँड नाइन आली. घड भरले. गावात पक्की घरं झाली, मुलं पुण्या-इंदूरला शिकायला गेली. माझं शिक्षण त्याच घडांवर झालं.

आबांच्या मापाने या तिन्ही मदती सोळा आणे खऱ्या. वेळेवर आल्या, रानात गेल्या, पीक उभं केलं. आणि त्यांनीच विहिरींचा तळ दाखवला. बऱ्हाणपूरजवळ कुंडी भंडारा आहे. अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीत, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या कुशीतून झिरपणारं पाणी जमिनीखालून शंभरावर कुंड्यांमधून शहरात आणलं. ते पाणी अजून वाहतं. त्याच्या आजूबाजूच्या शिवारात मात्र आमच्या आजोबांच्या तगाईच्या विहिरीसारख्या विहिरी कोरड्या पडल्या आहेत आणि बोअर वर्षागणिक खोल जाते आहे. वेळेवर आलेला पैसा शेतकऱ्याला जिकडे वळवतो तिकडे तो खरंच वळतो, म्हणून तो कुठे वळवायचा हे फार जपून ठरवायला हवं होतं. २०२५ च्या मे महिन्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी खोरे पुनर्भरण योजनेच्या करारावर भोपाळात सह्या केल्या. पुराचं पाणी जमिनीत जिरवायची ती योजना आहे. माझा तिच्यावर जीव आहे, कारण आमच्या रानाखालचं पाणी आमच्या पिढीने संपवलं.

पीक निघाल्यावर येणाऱ्या पैशाची गोष्ट वेगळी. २०१७ च्या जूनमध्ये मंदसौरला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. त्यानंतर भोपाळच्या सरकारने भावांतर भुगतान योजना आणली आणि त्या ऑक्टोबरात ती सुरू झाली. सोयाबीन, मका, उडीद, मूग, तूर, भुईमूग, तीळ, कारळे अशी आठ पिकं. सरकार माल घेणार नाही. शेतकऱ्याने मंडीत विकावा. हमीभाव आणि सरकारने काढलेला सरासरी बाजारभाव यांतला फरक सरकार खात्यात टाकेल.

आमचे अण्णा, म्हणजे काका, यांनी वरच्या माळावर मका आणि सोयाबीन घेतलं होतं. नोंदणी झाली, पटवाऱ्याने पीक बघून खसऱ्यात चढवलं. सोयाबीनचा हमीभाव ३,०५० रुपये. पहिल्या पंधरवड्यासाठी सरासरी भाव ठरला २,५८०, म्हणजे फरक ४७० रुपये. मक्याला १,४२५ आणि १,१९०, फरक २३५. कागदावर सरळ हिशेब. पण ज्याचं सोयाबीन २,३०० ला गेलं, त्याला ४७० मिळून २,७७० झाले, हमीभाव लांबच राहिला. आणि २,३०० ला ते गेलं, कारण फरक सरकार देणार आहे हे घेणाऱ्यालाही माहीत होतं. राज्यभर हेच झालं, योजना सुरू होताच मंड्यांतले भाव खाली आले. अण्णांनी त्या हंगामात मका विकला, पावती खिशात घातली, आणि गहू-हरभऱ्याचं बी ओळखीच्या दुकानातून उधार आणलं. फरकाचे पैसे आले. पूर्ण आले, कोणी खाल्ले नाहीत. फक्त ते आले तेव्हा हरभरा गुडघ्याला लागला होता. अण्णांनी ते पैसे दुकानदाराला दिले, वर उधारीचा चढा भाव दिला.

२०२५ च्या ऑक्टोबरात सोयाबीनसाठी भावांतर पुन्हा सुरू झालं, या वेळी हमीभाव ५,३२८. त्याच वर्षी ऑगस्टात केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि ते डिसेंबरअखेर उठवलेलंच ठेवलं. आमच्याकडे कापूस तेव्हा फुटायला लागलेला. पेरताना शुल्क होतं, वेचताना नव्हतं.

ज्या देशांतून तो बाहेरचा कापूस येतो त्यांतल्या एकाची गोष्टही सांगायला हवी. टेक्सासच्या कापूसवाल्याला अमेरिकेचं सरकार दशकानुदशकं पैसे देत आलं आहे. त्या पैशामुळे जगभरचा भाव पडतो म्हणून ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, जिंकली, आणि २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. पैसे ब्राझीलला मिळाले, भाव आमचाही पडला होता. पुढे २०१८ साली त्यांनी सरकीसकट कापसाला पौंडाला ३६.७ सेंट असा आधारभाव कायद्यात घातला. त्याचा पैसा तिकडच्या शेतकऱ्यालाही विक्रीचं वर्ष सरल्यावरच मिळतो, म्हणजे आमच्या भावांतरापेक्षाही उशिरा. पण आकडा पुढच्या काही वर्षांसाठी कायद्यात लिहिलेला असतो. तो बघून त्याची बँक त्याला पेरणीआधी कर्ज देते. अण्णांच्या मंडीच्या पावतीवर बियाण्याचा दुकानदार सवलत देत नाही.

आत्या आता नाही. आतेभाऊ तिथेच केळी करतो. हद्द पुन्हा जाणवते आहे, आता ती विम्याची आहे. महाराष्ट्रात केळीला हवामानावर आधारलेला फळपीक विमा आहे. थंडीत ठरावीक दिवस पारा सलग खाली राहिला, उन्हाळ्यात वाऱ्याचा वेग मर्यादेबाहेर गेला, की भरपाई लागू होते. निकष आधी ठरलेले, हप्ता आधी भरलेला. आमच्या बाजूला केळीला असा विमा द्या ही मागणी किती निवडणुका जुनी झाली. मे-जूनमधलं वादळ इच्छापूरच्या नाक्यावर थांबत नाही. दोन्हीकडच्या बागा एकाच रात्री आडव्या होतात. सकाळी आतेभाऊ मोबाइलवर अर्ज भरतो आणि माझा धाकटा भाऊ पटवाऱ्याची वाट बघत पडलेल्या बागेत काही न हलवता बसतो, कारण महसूल परिपत्रकाच्या ६(४) खालची मदत पंचनामा झाल्याशिवाय नाही. खोडं हलवली तर पुरावा जातो, न हलवली तर पुढच्या लागवडीचा मोसम जातो. महाराष्ट्रातही विम्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत, आतेभावाच्या तोंडून मी त्या दर भेटीत ऐकतो. तरी आपल्याला काय मिळायचं ते त्याला पीक लावतानाच माहीत असतं. आमच्या केळीला तेवढं मिळावं, यासाठी जिथे जिथे बोलता येईल तिथे मी बोलतो.

माळावरची जमीन आम्ही आता स्वतः करत नाही. खकनारकडचं एक कोरकू जोडपं बटाईने करतं, गेली काही वर्षं. खसऱ्यात नाव आमचं, म्हणून सन्मान निधीचे केंद्राचे ६,००० आणि राज्याचे ६,००० आमच्या खात्यात, भावांतरही आमच्याच. आई त्यातला पिकाचा पैसा मोजून त्यांना देते, पण तो आमच्या घरातून गेलेला पैसा होतो, त्यांचा हक्काचा होत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तहसिलीत जाऊन सिकमीचा, म्हणजे बटाईचा, करार केला. शिक्का बसलेला कागद त्यातल्या नवऱ्याने बराच वेळ बघितला, मग बायकोला दाखवला.

"यावर खत मिळंन?" तिने विचारलं.

खत तेव्हा आधारकार्डावर मिळायचं, मशीनला अंगठा लावला की कोणालाही, ते तर आधीपासूनच मिळत होतं. हमीभावाच्या नोंदणीला हा कागद चालेल, तसं मी सांगितलं.

"आन् बियाले पैसे?"

बियाला पैसे सोसायटी देते, बिनव्याजी देते, पण जमीन ज्याच्या नावावर त्यालाच. ती काही बोलली नाही. त्या जूनचं बी आईने आमच्या सोसायटीच्या कर्जातून आणून त्यांना दिलं, मृगाच्या चार दिवस आधी.